सोबत मशिनचा पट्टा पाठवते आहे

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या वहिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? इथे सगळं ठीक आहे, एक पाय सोडून, आणि तो तुमच्या भावाचा आहे.

दुकानातली एक टाचणी हरवली म्हणून दोन दिवस ह्यांनी मला बोल लावले. (मी काय टाचण्या खाते?) तिसऱ्या दिवशी मोज्याला रक्त दिसलं. टाचणी ह्यांच्याच तळव्यात, अंगठ्याखाली. साखरेमुळे तळव्याला काही कळतच नाही. याला तीन महिने झाले. जखम अजून उघडीच.

दिवसाआड पट्टी बदलायला सिस्टर येते. ती यायच्या आधी हे दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. (पट्टी पायाला आहे.) बावीस वर्षांत मला कधी दुखलंखुपलं सांगितलं नाही, तिच्याशी मात्र जखमेबद्दल तासभर बोलतात. शेवटी मी डॉक्टरांना सांगून टाकलं की ह्यांना बरंच व्हायचं नाही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, साखरेनं रक्तवाहिन्या अरुंद होतात, जखम भरायला लागणारं रक्त तिथवर पुरेसं पोचत नाही, आणि जंतूंचं मात्र फावतं. त्यात दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर भार देतो, नि भरत आलेलं पुन्हा उकलतं. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल.

मी म्हटलं, हे तर दिवसभर खुर्चीत असतात. मागच्या आठवड्यात मी बाजारातून लवकर परतले, तर शिलाई मशिनची खडखड. हे त्याच पायानं पायडल मारत होते आणि सुईखाली सिस्टरचा पांढरा कोट. खिसा उसवला होता म्हणे. माझा ब्लाउज तीन महिने तसाच पडलाय, पायाला त्रास होतो म्हणून. मी कोट काढून घेतला. सिस्टर आल्यावर अर्धा शिवलेला खिसा तिच्यापुढे धरला. ती ह्यांना इतकं बोलली की माझ्या वाटणीचं काही उरलंच नाही, याचाही मला राग आला.

तुमची,
वहिनी

ता. क. पुडक्यात मशिनचा चामडी पट्टा आहे, त्याशिवाय चाक फिरत नाही. जखम भरेपर्यंत कुलपात ठेवा. हे फोनवर कितीही गोड बोलले तरी देऊ नका. धाकट्या भावापुढे तुम्ही विरघळता, हे मला माहीत आहे.

आणखी एक. तो खिसा मी हाताने पुरा केला. थोडा तिरका झाला. पट्टी बांधायलाही तिच्याकडून शिकले. काल हे डोळे मिटून पडले होते, तरी म्हणाले, "आज तू आहेस." कसं ओळखलंत, विचारलं.

"सिस्टर घोटा इतका वेळ धरून ठेवत नाही."