प्रश्नावली क्रमांक एकशे त्रेचाळीस

३ जून, सकाळी ६.१०
वस्तुस्थिती, क्रमाने. एक: कन्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आहे. दोन: तिचा नाश्ता मी सलग अकरा वर्षे तोलून दिला व वहीत नोंदवला, आहारशास्त्राच्या प्राध्यापकाकडून एवढी अपेक्षा रास्तच. तीन: ५ एप्रिलला तिच्या मैत्रिणीसमोर मी महिन्याचा तक्ता वाचून दाखवला. चार: त्याच आठवड्यात ती हॉस्टेलवर राहायला गेली. तीन आणि चार यांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही.
दोन अंडी उकडली. सवयीने नव्हे. एकटे अंडे पातेल्यात आपटून फुटते.

६ जून
नवे संशोधन: कॉलेज विद्यार्थिनींच्या नाश्त्याच्या सवयी. पाच हॉस्टेलांतून एक चिठ्ठ्या टाकून निवडले. कन्येचेच निघाले. सहायिका म्हणाली, सर, तिसऱ्या वेळी निघालं. पहिल्या दोन चिठ्ठ्यांच्या घड्या सदोष होत्या.

११ जून
प्रश्नावली तयार. सव्वीस प्रश्न, निनावी. पत्नी म्हणाली, सरळ फोन करा की लेकीला. फोनवरचे उत्तर पुरावा म्हणून धरता येत नाही, हे चोवीस वर्षांच्या संसारात तिला कळू नये याचे नवल वाटते.
दोन अंडी.

१८ जून
२०४ फॉर्म परत आले. दर्जा शोचनीय. 'थोडं दूध.' 'मूठभर काहीतरी.' 'मैत्रिणीच्या डब्यातलं.' एकीने प्रमाणाच्या रकान्यात फूल काढले आहे.
क्रमांक १४३ मात्र निर्दोष. शेवटचा पूर्ण नाश्ता: ५ एप्रिल. अंडे ५२ ग्रॅम, पाव ३८ ग्रॅम, दूध १८० मिलिलिटर.
पावाच्या तुकड्याचे वजन ठाऊक असलेली विद्यार्थिनी जगात एकच असावी.
नाश्ता न करण्याचे कारण, एका वाक्यात: "समोर कोणी वही घेऊन बसलेलं नसतं, तरी घास घेताना बसल्यासारखं वाटतं."
वाक्य खरोखरच एक आहे. तेवढी शिस्त टिकली म्हणायची.

१९ जून
क्रमांक १४३ पूर्वग्रहदूषित म्हणून बाद केला.
दुपारी पुन्हा गठ्ठ्यात घेतला. संध्याकाळी गठ्ठ्यातून काढून खिशात ठेवला. सहायिकेने विचारले, एक फॉर्म कमी कसा? मोजणीत चूक असेल, म्हणालो. माझ्या मोजणीत आजवर चूक झालेली नाही.

२२ जून
हॉस्टेलच्या मेसमध्ये प्रत्यक्ष पाहणी, सकाळी ७.४०. केवळ निरीक्षण करायचे, वही पिशवीबाहेर काढायची नाही, हा निश्चय. तो पाळला.
कन्या खिडकीपाशी बसली होती. मनगटावरचे घड्याळ सैल झाले आहे. मैत्रिणीने बळेच तिच्या ताटलीत पाव वाढला. हिने हसून एक तुकडा मोडला. मग तिला दारात मी दिसलो. तुकडा ताटलीत परत गेला. जवळ आली, "मला तास आहे, बाबा," म्हणाली आणि गेली.
तास दहाचा आहे. वेळापत्रक माझ्याकडे आहे.
निष्कर्ष: आज ती खाणार होती.

२३ जून
पाहणीचा वृत्तांत पत्नीला सांगितला. तिने हातातले काम थांबवून विचारले, "तिला नाश्त्याला आवडतं काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"
त्यात काय, म्हणालो, आणि बावीस वह्या काढल्या. वजने आहेत, प्रथिने आहेत, टाकलेल्या अन्नाची टक्केवारी आहे. आवडीचा रकाना नाही. छापखान्याला दोष देता आला असता; पण रेघा मीच आखलेल्या आहेत.

२४ जून, सकाळी ६.१०
दोन अंडी. एक खाल्ले. दुसरे निवले.
वजनकाटा माळ्यावर टाकला. धूळ बसू नये म्हणून फडक्यात गुंडाळला, एवढेच.
नवी प्रश्नावली स्वहस्ते लिहिली. निनावी नाही. प्रश्न एकच: तुला काय आवडते? पत्नीबरोबर पाठवतो. मी हॉस्टेलच्या फाटकाबाहेर थांबेन. नाही, घरीच थांबेन.
खाली सूचना: प्रमाण लिहू नये. उत्तर मात्र लेखी द्यावे. एका वाक्याची अट नाही.