तांबडं दिसल्यास माल घेऊ नये

कुपवाड,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. वर्धमानमामांस,
कीर्तीचा सा. न. वि. वि.

जय जिनेंद्र. तुम्हाला ऐकू कमी येतं ते एका परीनं बरंच झालं. फोनवर ओरडून बोलले की आमच्या घरच्या गोष्टी सगळ्या कुपवाडला कळतात. पत्राचं तसं नाही. शिवाय केरबाकाका ट्रान्सपोर्टची गाडी घेऊन रोज साताऱ्याला येतात, म्हणजे तिकिटाचाही प्रश्न नाही.

मामा, फळं वाळवायचं माझं यंत्र एकदाचं तयार झालं. कपाटाएवढं आहे, काचेचं दार आहे, आणि तळाशी फ्रिजला असतो तसा कॉम्प्रेसर. महाबळेश्वरच्या बाजूला सोनियाताई म्हणून आहेत, त्यांच्या बायकांच्या केंद्राला स्ट्रॉबेरी वाळवायला ते हवं आहे. शेडच्या मालकांनी मला मार्चअखेरची मुदत दिली आहे. तोवर एक तरी यंत्र विकून दाखव, नाहीतर शेड दुसऱ्याला, असं ते तोंडावर म्हणाले. हे नीट पोचलं तर आम्ही पाचजणी इथं राहू. नाहीतर दोन वर्षं खपून वेल्डिंग शिकलेल्या आमच्या मनुबाई पुन्हा दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जातील. त्याच काळजीनं मला झोप लागत नाही.

घोडं अडलंय बुकिंगच्या फॉर्मवर. खास काळजीच्या अकरा चौकटी आहेत. नाजूक माल, उभंच ठेवा, वर काही ठेवू नका, मागं लिफ्ट असलेली गाडी, पोचण्याआधी फोन, थंड गाडी, आणि कायकाय. भीतीपोटी मी सगळ्यांवर खुणा केल्या, मग माझं मलाच हसू आलं. अडतीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये काढलेला मामा घरात असताना मी इंटरनेटला काय विचारत बसू?

मामींना सांगा, चकल्या पोचल्या. निम्म्या केरबाकाकांच्या पोटात, निम्म्या आमच्या.

उत्तर लवकर यावं, आणि लोभ आहे तेवढा तरी राहावा.

तुमची,
कीर्ती

सातारा,
ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. कीर्तीस,
वर्धमानमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाचीचं म्हणून, एकदा गिऱ्हाइकाचं म्हणून. तुझी मामी म्हणते, निवृत्त झाल्यापासून एवढा ताठ बसलेला माणूस तिनं पाहिला नव्हता.

अगं, अकरा खुणा केलेलं खोकं आणि कोरं खोकं हमालाला सारखंच. आमच्याकडं एकदा 'नाजूक' लिहिलेले नांगराचे फाळ आले होते. तेव्हापासून आमचा हमाल आकाराम तसल्या खोक्यांवर बसूनच भाकरी खायचा. मी नवीन कारकुनांना एकच सांगायचो, की माल कशाला घाबरतो ते आधी विचार. द्राक्ष उन्हाला घाबरतं, हळद पाण्याला घाबरते. तुझं यंत्र कशाला घाबरतं?

काच फुटायला घाबरत असेल, तर दार काढ, गोधडीत गुंडाळ आणि केरबाच्या शेजारच्या सीटवर ठेव. 'नाजूक' गेलं. उरला कॉम्प्रेसर. तो आडवा झाला की आतलं तेल नळ्यांत शिरतं, हे मी फ्रिजच्या कामात शिकलो आहे. म्हणून 'उभंच ठेवा' ही पहिली खूण. वर सोनियाबाईंकडं उतरवायला फलाट नसणार, म्हणून 'लिफ्टची गाडी' दुसरी. आणि उतरवायच्या वेळी चार बायका हजर हव्यात, म्हणून 'पोचण्याआधी फोन' तिसरी. बाकीच्या आठ खोड.

एक मात्र कर. तिरकं झालं की आतून तांबडं होणारं गोल चिकट, म्हणजे स्टिकर, मिळतं. लागून असलेल्या दोन बाजूंना एकेक लाव. ते खोटं बोलत नाही. आणि गाडी केरबाचीच माग. फौजेत त्यानं काय काय वाहून नेलंय ते तुला एकदा त्याच्याच तोंडून ऐकवीन.

तुझी आई असती तर तिनं पेढे वाटले असते. ते काम मी मामीकडं सोपवलं आहे.

आशीर्वाद मागायची गरज नाही, ते कायमचेच आहेत.

तुझा,
वर्धमानमामा

कुपवाड,
ता. १३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. यंत्र आज निघालं. तीनच खुणा केल्या, तर बुकिंगवाल्यानं विचारलं, कुणी जाणत्या माणसानं सांगितलं काय. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! गोल चिकटं काल संध्याकाळीच दोन्ही बाजूंना लावली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तांबडं दिसल्यास माल घेऊ नये'. एवढा विश्वास मी स्वतःवर कधी दाखवला नव्हता.

सकाळी कागद आणायला मी सांगलीत गेले होते. परत येईपर्यंत मनुबाईंनी नारळ फोडून पूजा उरकली होती आणि गाडीवर ताडपत्रीही चढली होती. पहिला माल तसाच कसा पाठवायचा, म्हणाल्या. माझं शेवटचं बघणं राहूनच गेलं.

पत्र केरबाकाका वाटेत टाकतील. उद्या सकाळी ते घाट चढतील.

तुमची,
कीर्ती

सातारा,
ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. कीर्तीस,
अ. उ. आ.

यंत्र सोनियाबाईंकडं उतरलं आहे आणि चालू आहे, हे आधी वाच. मग बस. मग पुढचं वाच.

काल सकाळी केरबानं आमच्या जुन्या गोडाऊनवर फोन केला आणि तिथला माणूस धावत घरी आला. वर ताडपत्री काढली तर दोन्ही चिकटं लालभडक. सोनियाबाईंनी तुझी ओळ मोठ्यानं वाचली आणि माल घ्यायला नकार दिला. बाई पक्की आहे. मला तिचा राग आला नाही, कौतुकच वाटलं. लिहिलेलं वाचणारी गिऱ्हाइकं मी अडतीस वर्षांत चार-पाचच पाहिली.

चिकटं लावायला मीच सांगितलं होतं, तेव्हा निस्तरायलाही मीच जायला हवं होतं. मेढ्यावरून जाणारी एसटी मिळाली, गेलो. केरबा गाडीच्या पायरीवर तोंड फिरवून बसला होता. म्हणाला, आवं अण्णा, बर्फातनं तोफा नेल्यात मी, कवा कुणी बोट दावलं न्हाई, आन् आज तुमची भाची फोनवर म्हनती गाडी कुटं कलंडली ते खरं सांगा. लय लागलं होतं त्याला. तू घाबरून बोललीस हे मी जाणतो, पण ते तुझं तू बघ.

मी चष्मा लावून खोक्याजवळ गेलो. तांबडं गोलाच्या आत असायला हवं, ते थोडं बाहेरही आलं होतं. आणि वर तांदळाचा एक दाणा चिकटलेला. बोट ओलं करून पुसलं. खाली चिकट दुधासारखं पांढरं! दुसरंही तसंच. तुमच्या मनुबाईंनी पहिल्या मालाची पूजा केली, आणि कुंकवाला एवढी बेतशीर गोल जागा दोन ठिकाणी आयती मिळाल्यावर त्या बिचारीनं दुसरीकडं कशाला लावावं? लाकूड खडबडीत, तिथं कुंकू बसत नाही. तिचंही बरोबर, सोनियाबाईंचंही बरोबर.

सोनियाबाई माझ्या तांबड्या बोटाकडं बघून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तरी यंत्र सुरू करून, पहिलं ताट वाळवून बघितल्यावरच सही केली. शेजारच्या केंद्रालाही एक हवं आहे म्हणाल्या. ते वाळलेले तुकडे मामीसाठी आणले, सातारा येईपर्यंत चारच उरले.

पोरी, सगळ्या नळ्या मी वाकून पाहिल्या. एवढं सुबक काम आमच्या गोडाऊनमधून क्वचितच गेलं.

तुझा,
वर्धमानमामा

कुपवाड,
ता. १८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
कीर्तीचा शि. सा. न.

केरबाकाकांचे पाय धरले. ते म्हणाले, आगं, फौजेत याहून मोठ्या शिव्या खाल्ल्यात. पण चहा दोनदा घेतला, म्हणजे राग गेला. पूजेच्या घाईत खालची ओळ वाचायचीच राहिली, म्हणून मनुबाई दिवसभर रडल्या. दुसऱ्या यंत्राच्या खोक्यावर मी चिकटापासून हातभर लांब एक चौकोन गुळगुळीत घासून घेतला आहे आणि वर लिहिलं आहे, 'हळदी-कुंकू इथं'. ही बारावी खूण, मामा. फॉर्ममध्ये नाही. मालकांनी शेडचा करार वाढवून दिला.

आता माझं ऐका. केरबाकाकांनी सांगितलं की एसटीत जागा नव्हती आणि तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं अख्खा घाट उभ्यानं चढलात. त्यावर मी विचारलं की एवढं करणारा माणूस दोन वर्षांत कुपवाडला का नाही आला? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, अण्णांना भ्या वाटतं. शेडमधल्या आवाजात ऐकू येणार नाही, भलतंच उत्तर दिलं जाईल आणि चार माणसांत भाचीला लाज वाटेल.

माल कशाला घाबरतो ते विचार, असं तुम्ही मला शिकवलंत. आणि तुम्ही कशाला घाबरता हे मी एकदाही विचारलं नाही.

मामा, आमच्या शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही. ग्राइंडर सुरू झाला की आम्ही पाचही जणी पत्र्यावर खडूनं लिहून बोलतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मनुबाई तर भांडतातसुद्धा लिहूनच.

दुसरं यंत्र आधीच अर्धं जोडून ठेवलं होतं, ते शुक्रवारी निघणार आहे. गुरुवारी केरबाकाका तुम्हा दोघांना आणायला येतील, पुढची सीट राखून ठेवली आहे. दारापाशी तुमच्यासाठी एक कोरा पत्रा उभा केला आहे. खडू त्याच्यावरच ठेवला आहे.

तुमचीच,
कीर्ती