झोपेचा इंधनाशी असलेला संबंध

प्रति,
मा. चाचणी अधिकारी,
दैनंदिन वाहनवापर पाहणी कक्ष

विषय : गाडी क्रमांक ७ शुक्रवारी परत न घेण्याबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, सोमवारी मिळालेले.

महोदय,

रोजच्या वापरात हायब्रिड गाडी खरोखर किती इंधन खाते हे पाहण्यासाठी आपण दहा घरांना सहा महिन्यांकरिता गाड्या दिल्या. सातवी माझ्याकडे आहे. बाकीच्यांना लिटरमागे अठरा-एकोणीस किलोमीटर मिळतात आणि माझ्या वहीत एकतीस दिसतात, सबब माझ्या नोंदी बनावट असाव्यात, असे आपले म्हणणे. शेऱ्याच्या रकान्यात रोज लिहिलेल्या 'मुलीची झोप ४० मि.' याचा इंधनाशी संबंध काय, असेही आपण विचारले आहे. सगळा संबंध तिथेच आहे.

१. मी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासते. माझ्या हातून केसभर चूक झाली तर गिऱ्हाईक पायरी चुकते. आकडे फुगवण्याची मला सवय नाही.

२. माझी मुलगी आठ महिन्यांची असून तिचे पाळणाघर दुकानाशेजारीच आहे. गाडी निघाली की ती झोपते. बॅटरीवर असेपर्यंत गाडी मुकी असते. जरा जोर दिला की इंजिन सुरू होते, आणि पाठोपाठ मुलगीही. म्हणून बाळाच्या खोलीतून बाहेर पडताना टाकावा तसा पाय मी ॲक्सिलरेटरवर ठेवते. सिग्नल दिसला की लांबूनच पाय काढते, ब्रेक हळूहळू दाबते. त्याने बॅटरीही भरते. एसी बंद, काच चार बोटे खाली. चढावर इंजिन हमखास जागे होते, म्हणून उड्डाणपूल टाळून खालच्या रस्त्याने जाते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. त्यांच्याविरुद्ध वेगळा अर्ज करीन.

३. दर रविवारी आकडा एकोणीसवर येतो, यावर आपण लाल खूण केली आहे. रविवारी गाडी मुलीचे बाबा चालवतात. "तू गाडी चालवतेस की पाळणा हलवतेस?" असे मला विचारून ते पहिल्याच वळणावर तिला उठवतात. खोटेच लिहायचे असते तर रविवार तरी मी का सोडला असता? पंपावरचे काका तर विचारतात, "ताई, ढकलत आणली का?"

४. गाडी मिळण्यापूर्वी आम्ही बसने जात होतो, मध्ये एकदा बदलून. मुलगी रडतच पोहोचायची, रडतच मी तिला सोडायचे, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच कानात. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. तो अजून तिथेच आहे. गाडी गेली तर तो द्यावा लागेल.

५. तरी आपण स्वतः गुरुवारी सकाळी साडेआठला पुढच्या सीटवर बसून खात्री करून घ्यावी. मोबाइल बंद असावा. दार लोटावे, आपटू नये. शिंक आल्यास आवरावी.

६. एक गोष्ट लपवणे बरोबर नाही. काल चुकून उड्डाणपुलावर चढले. इंजिन गुरगुरले. मी आरशात पाहिले, तर मुलगी गाढ झोपलेली, मूठ गालाखाली. आज मुद्दाम पुलावरून आले. तरीही झोपलेली. म्हणजे पुढच्या महिन्यापासून माझा आकडाही चारचौघांसारखा होईल. त्याबद्दल पुन्हा खुलासा मागू नये. कारणाच्या रकान्यात 'मुलगी मोठी होत आहे' असे लिहावे, आणि गाडी ठरलेल्या मुदतीपर्यंत आमच्याकडे राहू द्यावी.

गुरुवारी आपली वाट पाहणारी,
नम्र अर्जदार
(सही)
गाडी क्र. ७
मंगळवार, दि. ११

सोबत : नोंदवही. पान बावीसवरचा डाग लाळेचा आहे. त्याखालचा आकडा ३१.२ असा वाचावा.