कडेच्या अर्ध्या फरश्या

ठमे,

बाल्कनीत फरश्या मांडून ठेवल्यात. पाय देऊ नकोस, आधी मोज. एका बाजूला साडेतीन, दुसऱ्या बाजूला अडीच, तुझ्या गणितातल्यासारख्याच. सहा अख्ख्या, कडेला पाच अर्ध्या आणि कोपऱ्यात एक पाव. झाल्या पावणेनऊ. तुझंच उत्तर बरोबर होतं.

मी परवा तिनाला दोनाने गुणलं, अर्ध्याला अर्ध्याने, आणि सव्वासहा सांगून मोकळा झालो. म्हणजे दोन्ही कडा उघड्याच टाकल्या! फरश्या बसवण्यात हयात गेली आणि हे दिसू नये? वर सगळ्यांसमोर तुलाच म्हणालो, "अक्कल गहाण टाकलीयस का?" तू तुझं पुसलंस आणि माझं लिहिलंस.

काल वर्गात बाई ओरडल्या, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस, असं आईने आज सकाळी सांगितलं. तुला उठवून बोलायचा धीर झाला नाही, म्हणून तसाच कामावर निघालोय.

बाईंना सांग, चूक बाबांची होती.

चिठ्ठी तुझ्या उशाशी ठेवणार होतो. पण ओरडलो सगळ्यांसमोर, म्हणून फ्रिजवर लावलीय. आजोबांना चष्मा सापडला नाही, तर तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा