फोमवरचा फुगा

६ जुलै, शनि.
फिजिओच्या वर्गाला शाळेतली वैशाली सोबत आली, नेहमीसारखी. आज फुग्याचा खेळ. जाड फोमवर उभं राहून समोरच्याकडे फुगा टोलवायचा, खाली पडू द्यायचा नाही. एमएस, म्हणजे हा मज्जासंस्थेचा आजार, झाल्यापासून चार वर्षांत एवढी हसले नव्हते. दोनदा तोल गेला, दोनदा वै.ने धरलं. शेवटची फेरी फिजिओ मॅडमबरोबर. तेव्हा वै.ने व्हिडिओ काढला. "बघ, कशी नाचतेस."
शाळेत आजाराचं फक्त तिला माहीत.

९ जुलै, मंगळ.
मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ. मी डुलतेय, भिंत धरतेय. बस, तेवढाच तुकडा. हसण्याचा भाग कापलेला.
"आम्हाला सांगायला हवं होतं तुम्ही. जिन्यात काही झालं तर?"
माझ्याकडचा दहावीचा वर्ग काढून घेतला. तळमजल्यावर लायब्ररी दिली. इतकं प्रेमाने बोलत होत्या की भांडताही येईना.
दहावीचं गणित आता वैशालीकडे.

१० जुलै, बुध.
स्टाफरूममध्ये वै.ला गाठलं.
"काळजीपोटी दाखवला गं."
"आणि दहावी?"
वह्यांचा गठ्ठा उगाच सरळ करत राहिली. "कुणीतरी घ्यायलाच हवी होती ना."
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बरंच झालं, जिने वाचले." जेवण गेलं नाही.

१३ जुलै, शनि.
वर्गाला एकटीच गेले, जुईनगरहून रिक्षाने. जोडीला उरणचे एक काका, आजार माझाच. म्हणाले, "माझा हात धर. पन मी पडलो तं तू पन पडशील, आधीच सांगतो."
असं आधी सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं.
पडलो दोघंही, गादीवर. त्यांना हसू आवरेना. मला रडू आलं. मॅडमनी पाणी दिलं.

१५ जुलै, सोम.
मोठ्या बाईंना अर्ज दिला, डॉक्टरांच्या पत्रासकट. दहावीचा वर्ग खाली आणा, मी शिकवते. "बघते," म्हणाल्या. कागद ड्रॉवरमध्ये.
दुपारी वै. लायब्ररीत आली. उभीच राहिली. "भूमितीच्या तुझ्या नोट्स मिळतील? मुलं म्हणतात, बाई वेगळं शिकवायच्या."
नोट्स माझ्या कपाटात. किल्ली पर्समध्ये. मुलांचं नुकसान नको, हे कळतं मला.
"उद्या सांगते," म्हटलं.
अजून ठरत नाहीये.