वीस फुटाला सहा इंच

शेलूबाजार,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सौ. उज्ज्वला वहिनीस,

नमस्कार. आईची तब्येत ठीक आहे. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली आहे. तुझं शिलाई मशीन मी पुसून, तेल घालून झाकून ठेवलं आहे. तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दादा उद्या शिरपूरला तुझ्या माहेरी येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देते.

कामाचं आधी लिहिते. तुमच्या खोलीला लागून मागच्या बाजूनं बाथरूमचं बांधकाम सुरू झालं आहे. आतलं माप साडेसात फूट बाय पाच फूट. भिंती दाराच्या उंचीपर्यंत आल्या आहेत. प्लास्टरच्या आधी नळाचे पॉइंट काढावे लागतात, त्यामुळे आत काय काय बसवायचं ते गुरुवारपर्यंत ठरलं पाहिजे. वापरणार तू आहेस, म्हणून विचारते.

कमोड घेते आहे, इंडियन सीट नाही. दवाखान्यातून निघताना तुला उकिडवं बसू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी कागदावर वाचलं आहे. शॉवरची लाइन काढून ठेवते, पण तू पाटावर बसून बादलीनंच आंघोळ करतेस. म्हणून एक नळ खाली, फरशीपासून दीड फुटावर. बाजूच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. फरशी खरखरीत, पाणी पडलं तरी पाय न सरकणारी. दुकानदार चकचकीत दाखवत होता, मी त्याच्यासमोर तुकड्यावर पाणी ओतून चपलेनं घासून पाहिलं. रंग करडा आहे. तुला आवडणार नाही, पण त्या प्रकारात दुसरा रंग नव्हता.

बेसिन तीस इंचांवर. मिस्त्री बत्तीसवर लावतात, पण तुझी उंची चार फूट अकरा इंच आहे. मी भिंतीवर खूण केली तेव्हा लखीराम मिस्त्री म्हणाला, "म्याडम, एवढं खाली? घरात लहान लेकरू हाय का?"

मी नाही म्हटलं.

"त मंग?"

"वहिनीची उंची कमी आहे."

त्याच्या बायकोनं, संगीतानं, घमेलं खाली ठेवून त्याला कोपरानं ढोसलं. तिला माहीत असावं. मग दिवसभर तो माझ्याशी फार हळू आवाजात बोलत होता.

दाराला आतून कडी, आठ इंची, स्टीलची. ही मी कुणाला विचारून ठरवली नाही. अंगणापलीकडच्या संडास-न्हाणीच्या पत्र्याच्या दाराला कडी नव्हती आणि आत असताना तू बादलीवर मग वाजवत राहायचीस, कुणी येऊ नये म्हणून. मी एकदा ओसरीवरून ओरडले होते, "वहिनीचा बँड सुरू झाला!" तूही आतून हसली होतीस. मी वाशिमला भाड्याच्या खोलीत राहते, तिथल्या बाथरूमला कडी आहे. ती लावताना मला तुझी आठवण कधी आली नाही. आता येते.

आणखी एक सांगायचं आहे. ते आधी लिहायला हवं होतं, पण मी बेसिनपासून सुरुवात केली.

मंगळवारी मी रजा घेऊन आले; पाया खणायला मागची भिंत मोकळी करायची होती, म्हणून तिथे रचलेल्या तुराट्या हलवल्या. पावसाळाभर त्या तिथेच होत्या, त्यामुळे मागची भिंत कोरडी राहिली होती. तुझी पेन्सिलची खूण जशीच्या तशी होती. फेब्रुवारीत आपण लेव्हल बघितली तेव्हाची. पाणी भरलेल्या नळीचं एक टोक तू भिंतीशी धरलं होतंस, दुसरं मी शौचखड्ड्याजवळच्या खांबाशी. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला जिथे थांबलं, तिथे खुणा केल्या. तुला दुसरा महिना होता. तूच आईला म्हणाली होतीस की पोट वाढल्यावर पहाटे अंगण ओलांडणं जमणार नाही, खोलीला लागून काही होईल का. आणि मी रविवारी आले तर बघू, असं ठरलं होतं.

वहिनी, त्या दिवशी तू विचारलंस, "किती उतार लागते?" मी सांगितलं, वीस फूट अंतर आहे, वीस फुटाला सहा इंच लागतो. तू विचारलंस, "मंग येते का?" मी नळीकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही येत. चारच इंच मिळतो. लाइन तुंबेल." तू नळीतलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलंस आणि म्हणालीस, "इंजनेरबाई नाही म्हनते त नाही. पान्यालेही तुमचंच आयकाव लागते."

त्या खुणेशेजारी आता आकडे आहेत. खुणेपासून फरशीच्या पातळीपर्यंत २४. त्याखाली खांबावरच्या माझ्या खुणेपासून खड्ड्याच्या तोंडापर्यंतचे ४२. मग एक रेघ, आणि वजाबाकी, १८. आकडे तुझे आहेत, ब्लाउजची मापं लिहितेस तसे, चारचं तोंड उघडं. शिलाईच्या टेपनं मोजलंस. मी पुन्हा मोजलं. अठराच भरतात. लागतो त्याच्या तिप्पट.

म्हणजे तुला माहीत होतं. केव्हापासून, ते मला कळायचा मार्ग नाही. तू मला काही बोलली नाहीस, दादालाही नाही. त्यानंतर पाच महिने तू अंगण ओलांडत राहिलीस, आणि मी दर रविवारी येऊन तुझ्या हातचं जेवत राहिले.

मी खोटं का सांगितलं ते लिहिते. ते कारण पुरेसं नाही, हे मला माहीत आहे. त्या सकाळी आई मला सैपाकघरात म्हणाली होती, "देवाच्या पाठीले संडास बांधतं का? भिंत एकच हाय. तिले सांग, होत नाही म्हना." तुमच्या खोलीची आणि देवघराची मागची भिंत एकच आहे, हे खरं. मी आईशी बोलायला हवं होतं. मला चारची बस होती. आईशी वाद घालण्यापेक्षा उताराला दोष देणं सोपं होतं. उतार उलट बोलत नाही. मला वाटलं, हे वाक्य माझ्या तोंडून आलं की तुमच्या दोघींत भांडण होणार नाही. आणि झालंही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

जुलैतली ती सकाळ मी इथे लिहिणार नाही. ती तुझी आहे. मला फक्त दादाचा फोन आला होता, वहिनी अंगणात पडली, बाळ गेलं. दवाखान्यात मी तुझ्या खाटेशी उभी राहून म्हटलं, "अंगणात शेवाळ फार झालं होतं." तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. तेव्हा मला वाटलं, दुःखामुळे.

बुधवारी आई बांधकाम बघत होती. म्हणाली, "तवा येत नव्हता नं उतार? आता कसा आला?" मी म्हटलं, आता पाइप वेगळे मिळतात. हे दुसरं खोटं. दोन दिवस ते घेऊन मी वाशिमला कामावर गेले, दुसऱ्यांच्या घरांचे उतार तपासले, सह्या केल्या.

आज दुपारी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं, होत नाही म्हन. व्हय, म्हनलं व्हतं. पन तू येऊन सांगतलं का खरंच येत नाही, त मले वाटलं, देवालेच नको हाय. तू उतार येते म्हनली असती, पोरीचे पाय सुजले दिसले असते, त म्या देव हलवला असता वं. देवाले काय, चार बोटं जागा लागते."

ती उठली, देवघरातले देव परातीत घेतले आणि सैपाकघरात फळीवर नेऊन ठेवले. पितळी बाळकृष्ण, टाक, समई. हात पुसत म्हणाली, "मले सांगून काय होते? तिले लिव्ह."

म्हणून लिहिते आहे.

तू परत ये, असं मी लिहिणार नाही. ते म्हणायचा हक्क दादाचा आहे, आणि नाही म्हणायचा तुझा. बाथरूम तुझ्या येण्यावर अवलंबून नाही, ते पूर्ण होईल. भिंतीवरच्या त्या वजाबाकीवर मी प्लास्टर करू देणार नाही. लखीराम म्हणाला, "म्याडम, थे खराब दिसन." मी म्हटलं, दिसू द्या.

पाकीट चिकटवलेलं नाही. दादाला सांगितलं आहे की शिरपूर येण्याआधी बसमध्ये वाचून घे. त्याला अजून काही माहीत नाही. उद्या तो तुझ्या दारात उभा राहील, तेव्हा तुझ्याइतकंच त्याला माहीत असेल.

गुरुवारपर्यंत निरोप आला नाही, तर बेसिन तीस इंचांवरच लावते.

उतार येतो, वहिनी. तेव्हाही येत होता.

नळीच्या दुसऱ्या टोकाची,
वैष्णवी