दादा, तुझा सीन टीव्हीवर लागला

प्रिय दादा,

तू आहेस त्या पिक्चरमध्ये! परवा दुपारी मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायचं तो तूच गेल्या कार्तिकात हे जग सोडून गेलास. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मटार सोलत होते. टीव्ही आपला सोबतीला लावलेला. तोच पिक्चर लागला, तुझा, आणि मी म्हटलं चालू दे, आपल्याला तोंडपाठ आहे. हीरोइन हरवलेल्या वडिलांचा फोटो घेऊन आपल्या गावच्या रामघाटावर येते. एरवी त्यानंतर एकदम रेल्वे स्टेशन दिसतं. परवा स्टेशन आलंच नाही. ती पायऱ्या उतरत राहिली, आणि खालच्या पायरीवर, खांद्यावर भैरवगढी ठशांच्या छपाईचा लाल गमछा टाकून, तू उभा. केस काळेभोर, पोटाचा पत्ता नाही. तिने फोटो पुढे केला. तू डोळे बारीक करून पाहिलास आणि म्हणालास, "देखा तो है, बेटी। पर कल देखा था।"

मटार सगळे जमिनीवर. तुझा आवाज, दादा! घरात तुझे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठे ठेवलाय आपण? वर्षभर ऐकला नव्हता. मी टीव्हीपुढे उभी राहून "ओ" दिली. हसू नकोस, खरंच दिली.

आणि तो पाय! तू सांगायचास ना, ऐन शॉटच्या वेळी चपलेचा अंगठा तुटला म्हणून डावा पाय उजव्याच्या मागे लपवला? मी म्हणायचे, पुरे तुझ्या थापा. तर लपवलेला आहे. बगळ्यासारखा उभा आहेस तू त्या पायरीवर. मिनिटभराचा सीन, त्यात मी तुझा चेहरा पाहू की पाय? फोन आत चार्जिंगला होता. धावत जाऊन आणला, तोवर रेल्वे स्टेशन येऊन गेलं होतं.

तीस वर्षांपूर्वीची ती टॉकीज आठवते का रे तुला? शूटिंगवाल्यांनी तुला घाटावर आंघोळ करून येताना धरलं होतं आणि उभ्याउभ्या हे वाक्य म्हणायला लावलं होतं. पिक्चर लागल्यावर तू तुझ्या बँकेतले सगळे सहकारी आणि सगळं घर दोन टेम्पोंत भरून पहिल्या शोला नेलंस. रामघाट आला, आम्ही सगळे खुर्चीच्या टोकाशी आलो, आणि पडद्यावर थेट स्टेशन. इंटरव्हलमध्ये तू सगळ्यांना समोसे खिलवलेस आणि म्हणालास, "पुढे असेल." पुढे नव्हतं.

त्यानंतर टॉवर चौकात जो भेटेल तो, "क्या हीरो, अगली पिक्चर कब?" तू हसून सोडून द्यायचास. बाहेरच्यांचं एक वेळ ठीक, पण घरात सगळ्यात जास्त चिडवणारी मी होते. कुठलाही पिक्चर लागो, मी विचारायचे, "दादा, यात आहेस का तू?" तुला ते लागत होतं का? लागत असेल तर एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस. तू तर मला आणखी एक समोसा द्यायचास.

आता खरं लिहायचं ते लिहिते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तुझा फोन आला होता. "शालू, टीव्ही लाव. लवकर लाव, माझा सीन दाखवला आत्ता. परत दाखवतील कदाचित." तुझा आवाज नुसता उड्या मारत होता. मी काय म्हणाले? "दादा, त्या पिक्चरमध्ये तू नाहीस." वर आणखी म्हटलं, टॉकीजमध्ये दोनदा पाहिलाय, भाड्याच्या कॅसेटवर तर किती वेळा, मला सांगू नकोस. आणि टीव्ही लावला नाही. रिमोट हाताशी होता, दादा.

मी गणिताची बाई. उत्तर चुकलं की मुलांना तेच गणित दहादा सोडवायला लावायचे. आणि स्वतः काय केलं? टॉकीज काय नि कॅसेट काय, एकाच पुस्तकातलं उत्तर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हटलं, ताळा जमला.

तेव्हा तू एकदा गॅस चालू ठेवून झोपला होतास, दोनदा छत्री हरवली होतीस. मी त्यात हे जोडलं आणि वहिनींना म्हटलं, "दादाला आता नसलेलं दिसायला लागलंय." मी म्हटलं, त्यांनी नाही. डॉक्टरांकडे मीच शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "क्या दिखा था टीवी पर, अंकल?" तू आधी माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "कुछ नहीं, डॉक्टर साहब। मुझे ही लगा होगा।"

पुढे तू खरंच विसरायला लागलास, हे खोटं नाही. डॉक्टरांचंही काही चुकलं नाही, त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी गोळ्या दिल्या. पण त्या दिवशी तू पूर्ण शुद्धीवर होतास. आणि त्या दिवसापासून आम्ही तुझी स्कूटरची किल्ली काढून घेतली, टॉवर चौकात एकट्याने जाणं बंद केलं, तू काही सांगायला लागलास की एकमेकींकडे बघायला लागलो. मग तू सांगणंच सोडलंस. ते मला आजारापेक्षा जास्त सलतंय.

काल मी हनीफभाईंकडे गेले. टॉकीजमधले मशीन चालवणारे, आता मुलाच्या दुकानात बसतात. आधी मोबाईलवर शोधलं होतं, तिथे टॉकीजचाच पिक्चर आहे, तुझ्याविना. हनीफभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दीदी, इसमें अचंभे की क्या बात है? टीवी वालों को टाइम भरना पड़ता है। कई बार उनका प्रिंट अलग बनता है, कटे हुए सीन वापस जोड़ देते हैं। जो हमने टॉकीज में चलाया, उसमें भैया थे ही नहीं।" म्हणजे तूही खरा आणि आम्हीही डोळस! मी भर दुकानात त्यांचा हात हातात घेतला. गिऱ्हाईकं बघत राहिली.

तिथून तडक तुमच्या घरी. वहिनी निवडण-टिपण करत होत्या. मी सगळं सांगितलं, घाट, गमछा, पाय, वाक्य. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काय म्हणाल्या ठाऊक आहे? "वन्सं, त्या पिक्चरमध्ये ते नाहीत."

माझेच शब्द रे! मी म्हटलं, लाल गमछा होता, वहिनी. त्या म्हणाल्या, "तो तर कपाटात आहे, तुम्ही किती वेळा पाहिलाय. तुम्ही एकट्या राहता, टेंशन घेता, भास होऊन जातो." हनीफभाईंचं नाव काढलं, तर "त्यांनी तरी कुठे पाहिलं? त्यांनी तुमचं मन ठेवलं." मी चिडले, तावातावाने बोलले, आणि जसजशी बोलत गेले तसतशी त्यांच्या डोळ्यांत काळजी वाढत गेली. तुला असंच वाटत होतं का? खरं बोलतोय आणि समोरचा आपल्याला पाणी आणून देतोय?

निघताना त्यांनी माझा हात सोडला नाही. फाटकापर्यंत तसाच धरून चालत आल्या. तेव्हा उमगलं. त्यांनी हे मानलं तर त्यांनाही ते सगळं उचलावं लागेल, किल्ली, गोळ्या, तुझं गप्प होणं. मला दोन दिवसांत जड झालंय, त्या तर तुझ्या घरात राहतात. त्यांच्यावर रागावू नकोस. मीही आता रागावलेली नाही.

पण वहिनींनी आज सकाळी फोन केला. मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे माझ्यासाठी. त्याच डॉक्टरांची. सोबत त्या येणार आहेत, शेजारी बसायला. मी हो म्हटलंय.

तर दादा, हे वचन. मंगळवारी मी त्या खुर्चीत बसेन. त्यांनी विचारलं, "क्या दिखा था टीवी पर, आंटी?" तर मी शेजारी बघणार नाही. पहिल्या पायरीपासून सांगेन, तुझा आवाज, तुझा लपवलेला पाय, सगळं. आणि सांगेन की दोन वर्षांपूर्वी इथे माझा भाऊ बसला होता, त्याने हेच पाहिलं होतं, आणि मी त्याला बोलू दिलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या तर मुकाट घेईन. पण "मुझे ही लगा होगा" एवढं मात्र माझ्या तोंडून कुणी वदवून घेऊ शकणार नाही.

तुझीच,
शालू